चार्टवरचा रिकामा चौकोन: वॉर्डातल्या चुकलेल्या डोसचा अभ्यास कसा करावा

औषधाच्या चार्टवर दुपारी दोनच्या रकान्यात सही नाही. एवढ्यावरून काय कळतं? कदाचित रुग्णाला औषध मिळालंच नाही. कदाचित मिळालं, पण सही राहून गेली. रुग्ण त्या वेळी एक्स-रेला गेलेला असेल, सलाईनची सुई बाहेर आली असेल, ऑपरेशनसाठी त्याला उपाशी ठेवलं असेल, फार्मसीतून औषध आलंच नसेल, रुग्णानेच नको म्हटलं असेल. डॉक्टरांनी औषध तोंडी बंद करायला सांगितलं आणि चार्टवर खोडायचं राहिलं, असंही होतं. किंवा बरोबर त्याच वेळी पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण अत्यवस्थ झाला आणि सिस्टरांना तिकडे धावावं लागलं. यातल्या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे.

बहुतेक ठिकाणी मात्र सगळ्यावर एकच उपाय होतो. मेमो निघतो, एक ट्रेनिंग होतं, भिंतीवर सूचना लागते. काही महिन्यांनी चौकोन पुन्हा रिकामे दिसायला लागतात आणि मग "स्टाफ ऐकत नाही" असा निष्कर्ष निघतो. या लेखात माझा एकच आग्रह आहे: उपाय ठरवण्याआधी मोजा, आणि मोजायला बसण्याआधी नेमकं काय मोजणार ते कागदावर उतरवा. रुग्णसुरक्षेचे कितीतरी अभ्यास या दोन गोष्टींच्या घाईत वाया जातात, आणि त्या वाया जाण्याची किंमत शेवटी रुग्णच मोजतो.

हे मार्गदर्शन रेसिडेंट, नर्सिंगचे विद्यार्थी, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, फार्मासिस्ट आणि क्वालिटी विभागात काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण चुकलेल्या डोसचं घेतलं आहे, पण खाटेवरून पडणं, पडून राहिल्याने होणाऱ्या पाठीच्या जखमा, अपुरा हँडओव्हर (शिफ्ट बदलताना रुग्णाची माहिती पुढच्यांना देणं) यांचा अभ्यासही याच वाटेने करता येतो.

प्रश्न आधी लहान करा

"आमच्या वॉर्डात औषधांची सुरक्षितता कशी आहे?" हा प्रश्न एका अभ्यासात मावत नाही. अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ साली उपचारांची गुणवत्ता तीन ठिकाणी पाहायला सांगितली: व्यवस्था, प्रक्रिया आणि परिणाम. म्हणजे माणसं आणि साधनं किती आहेत, प्रत्यक्ष काय केलं जातं, आणि रुग्णाचं शेवटी काय झालं. एका वॉर्डाच्या लहान अभ्यासात मृत्यू किंवा गुंतागुंत हा परिणाम मोजायचा मोह टाळा. अशा घटना संख्येने थोड्या असतात आणि त्यांच्यामागे दहा कारणं असतात, त्यामुळे तुमच्या उपायाने फरक पडला की नाही ते कळणारच नाही. प्रक्रिया मोजा, पण अशीच प्रक्रिया निवडा जी चुकली तर रुग्णाला इजा होते हे आधीच माहीत आहे.

चुकलेल्या डोसच्या बाबतीत याचा अर्थ असा की सगळी औषधं एका मापाने मोजू नका. व्हिटॅमिनची गोळी दोन तास उशिरा गेली तर फारसं बिघडत नाही. अँटिबायोटिक, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधं, फिट्सची औषधं आणि पार्किन्सनची औषधं यांचं तसं नाही. पार्किन्सनच्या रुग्णाचा डोस उशिरा गेला तर तो जागचा हलू शकत नाही, गिळू शकत नाही, आणि मग पुढचा डोस देणंही अवघड होतं. म्हणून प्रश्न असा लिहा: "या वॉर्डात, वेळेला महत्त्व असलेल्या या पाच गटांतल्या ठरलेल्या डोसांपैकी किती डोस मिळत नाहीत किंवा उशिरा मिळतात, आणि का?"

व्याख्या: इथे वेळ घालवा

माझ्या मते अख्ख्या अभ्यासाचा कस इथेच लागतो. "उशीर" म्हणजे किती? वेळेला महत्त्व असलेल्या औषधांसाठी ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी किंवा नंतर ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी मानली जाते. ती घ्या किंवा तुमच्या रुग्णालयाचा नियम घ्या, पण एकदा ठरली की अभ्यास संपेपर्यंत बदलू नका.

मग एकेका अडचणीच्या प्रसंगाचा निकाल आधीच लावून ठेवा. साखर कमी आली म्हणून सिस्टरांनी इन्सुलिन थांबवलं आणि तसं लिहिलं, तर ती चूक नव्हे, तो योग्य निर्णय आहे. थांबवलं पण लिहिलं नाही, तर? रुग्णाने नकार दिला आणि डॉक्टरांना कळवलं, तर? कळवलंच नाही, तर? पहिला डोस "आत्ता द्या" म्हणून लिहिला आणि त्यावर वेळच नाही, तर घड्याळ कधीपासून मोजायचं? असे पंधरा-वीस प्रसंग आणि प्रत्येकापुढे निकाल, असं एक पानभर टिपण तयार करा. नंतर डेटा गोळा करताना वाद होणार आहेतच, ते याच पानावर मिटले पाहिजेत.

त्यासोबत छेद, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा ठरवा. "या महिन्यात ४० डोस चुकले" या वाक्याला काहीच अर्थ नाही, कारण एकूण डोस किती होते ते त्यात नाही. चुकलेले डोस भागिले देय असलेले डोस, हे प्रमाण हवं. देय डोसांत काय धरायचं आणि काय वगळायचं (गरजेपुरती द्यायची औषधं, तोंडी बंद केलेली औषधं) तेही त्याच टिपणात लिहा.

मोजायचं कसं: अहवाल, चार्ट की डोळे

घटनेच्या अहवालांवरून, म्हणजे इन्सिडेंट रिपोर्टवरून चुकांचं प्रमाण काढू नका. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात औषध देण्यातल्या चुका शोधायच्या तीन पद्धती एकमेकींसमोर ठेवल्या होत्या. खात्री झालेल्या ४५७ चुकांपैकी प्रत्यक्ष निरीक्षणात ३०० सापडल्या, केस पेपर तपासून १७, आणि घटनेच्या अहवालातून फक्त १. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात ३६ संस्थांमध्ये जवळजवळ दर पाच डोसांमागे एक डोस कुठल्या ना कुठल्या प्रकारे चुकलेला आढळला. अहवालांचा उपयोग निराळा आहे: चूक कशी घडली याची गोष्ट त्यात असते. आणखी एक गोष्ट वरिष्ठांना आधीच समजावून सांगा. अहवाल वाढले म्हणजे चुका वाढल्या असं नसतं. लोकांना सांगायची भीती कमी झाली असाही त्याचा अर्थ असू शकतो.

प्रत्यक्ष निरीक्षण सर्वांत खरं, पण त्याला माणूस लागतो आणि कुणी पाहतंय म्हटल्यावर वागणं बदलतं. चार्ट तपासणं सोपं, पण चार्टवर सही आहे म्हणून औषध पोटात गेलं असं नाही. चुकलेल्या डोसच्या अभ्यासासाठी मी दोन्हीचा मेळ सुचवेन: मुख्य मोजमाप चार्टवरून, आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा एकेका औषधफेरीचं प्रत्यक्ष निरीक्षण. चार्ट आणि डोळे यांच्यात किती तफावत आहे ते त्यावरून कळतं आणि पुढे निष्कर्ष लिहिताना ते उपयोगी पडतं.

दोन जणांनी एकच चार्ट वाचा

डेटा गोळा करण्याआधी दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता तेच वीस चार्ट वाचा आणि निकाल जुळवा. इथे एक सापळा आहे. समजा त्या वीस चार्टांत १६० डोस आहेत. पहिल्याला ५ चुकलेले वाटले, दुसऱ्यालाही ५ वाटले, पण दोघांचे पाच-पाच पूर्णपणे वेगळे निघाले. उरलेले १५० दोघांनाही ठीक वाटले. टक्केवारी काढली तर दोघांचं एकमत जवळजवळ ९४ टक्के येतं आणि सगळे खूश होतात. प्रत्यक्षात ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा, तिच्यावर एकदाही एकमत झालेलं नाही. याच आकड्यांवर कप्पा (नुसत्या योगायोगाने होणारं एकमत वगळून खरं एकमत किती ते सांगणारा सांख्यिकी आकडा) काढला तर तो शून्याच्याही किंचित खाली येतो. म्हणून नुसती टक्केवारी देऊ नका. कप्पा काढा, आणि मतभेद झालेला प्रत्येक डोस समोर घेऊन व्याख्येचं पान दुरुस्त करा. पुन्हा नवे वीस चार्ट घ्या. मतं बऱ्यापैकी जुळेपर्यंत खरी मोजणी सुरू करायची नाही.

कोणते चार्ट घ्यायचे

सोमवारी सकाळी राउंडनंतर हाताला लागले ते चार्ट, असं करू नका. रात्रपाळी, शिफ्ट बदलण्याचा तास, सुटीचा दिवस, ऑपरेशनचे दिवस यांतच डोस चुकण्याची शक्यता जास्त असते आणि नेमके तेच नमुन्यातून गळतात. आठवड्यातला दिवस आणि वेळ चिठ्ठ्या टाकून किंवा एक्सेलमधून यादृच्छिक काढा. त्या वेळी दाखल असलेल्या रुग्णांतूनही तसेच चार्ट निवडा. आठवड्याला वीस चार्ट, मागच्या चोवीस तासांतले डोस, एवढं एका वॉर्डाला पेलतं.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो. वॉर्डात आज हजर असलेल्यांचेच चार्ट पाहिलेत, तर जे रुग्ण दगावले, आयसीयूत हलवले गेले किंवा स्वतःहून निघून गेले, ते तुमच्या अभ्यासात येतच नाहीत. त्यांचे कागद रेकॉर्ड रूममध्ये असतात. ज्यांच्या बाबतीत सुरक्षितता सर्वांत जास्त कोसळली असण्याची शक्यता, तेच गळाले तर आकडा खोटा दिलासा देतो. महिन्यातून एकदा रेकॉर्ड रूममध्ये बसून या रुग्णांचे चार्ट वेगळे तपासा.

परवानगी आणि आधीच ठरवलेले दोन नियम

"हे गुणवत्ता सुधारणेचं काम आहे, संशोधन नाही" असं म्हणून एथिक्स कमिटीकडे जायचं टाळू नका. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आयसीयूंमधल्या गाजलेल्या प्रकल्पाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सेंट्रल लाइनमुळे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे होणारा रक्तातला संसर्ग, ज्याचा मध्यक दर (क्रमाने मांडलेल्या आकड्यांतला मधला) १००० लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी म्हणजे एक लाइन-दिवस) २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला होता. इतकं उघड भलं करणाऱ्या कामावरही पुढे माणसांवरच्या संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या केंद्रीय कार्यालयाने नैतिक मान्यतेच्या मुद्द्यावर आक्षेप घेतला आणि २००८ साली ते पुन्हा मार्गी लागलं. एक अर्ज आणि एक पत्र, एवढ्याने हा त्रास वाचतो. निर्णय कमिटीला घेऊ द्या.

पहिला नियम हा: तपासणाऱ्याला आत्ता चुकलेला डोस दिसला, तर अभ्यास बाजूला ठेवून ताबडतोब ड्यूटीवरच्या सिस्टरांना सांगायचं. त्याने आकडा थोडा सुधारेल, सुधारू दे. अशा प्रसंगांची नोंद ठेवा. रुग्ण इन्सुलिनवाचून असताना वही घेऊन उभं राहण्याचा अधिकार कुठल्याच संशोधकाला नाही. दुसरा नियम म्हणजे डेटात स्टाफचं नाव कुठेही येणार नाही. पहिल्याच मीटिंगला हे सगळ्यांसमोर सांगा आणि पाळा. एकदा जरी अभ्यासातला कागद कारवाईसाठी वापरला गेला, तर पुढे सगळे चौकोन भरलेले दिसतील आणि त्यातलं खरं काय ते कुणालाच कळणार नाही.

बदल करण्याआधी किमान बारा आठवडे नुसतं मोजा

या टप्प्यावर सगळ्यांची घालमेल होते. पण आधी एक महिना आणि नंतर एक महिना, एवढीच तुलना पुरत नाही. आकडा वाईट दिसला म्हणूनच तुम्ही अभ्यास हाती घेतलात, तर तो काहीही न करता पुढच्या महिन्यात थोडा सुधारण्याची शक्यता असतेच. आजूबाजूला सगळीकडेच सुधारणा चालू असू शकते. मिशिगनचा प्रयोग इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात करून पाहिला, तेव्हा संसर्ग कमी झाले, पण ज्या आयसीयूंमध्ये कार्यक्रम अजून पोहोचला नव्हता तिथेही ते कमी होतच होते. टप्प्याटप्प्याने सुरुवात केली होती म्हणून हे कळलं.

आठवड्याला एक बिंदू असा आलेख काढा आणि मध्यकाची आडवी रेघ मारा. आठवड्याला १६० डोस आणि ५ टक्के चुका म्हणजे सरासरी ८ चुका. नुसत्या योगायोगाने एखाद्या आठवड्यात ४ आणि एखाद्यात १३ येऊ शकतात, त्यामुळे एका बिंदूवर हरखू नका आणि खचूही नका. सलग सहा किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले, किंवा सलग पाच बिंदू चढत वा उतरत गेले, तर काहीतरी खरोखर बदललंय असं समजायला जागा आहे. एकाच रुग्णाची सुई निघाली तर त्याचे तीन डोस एकदम चुकतात, हेही विसरू नका. डोस एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात आणि सांख्यिकी तज्ज्ञाला हे सुरुवातीलाच सांगायला हवं. दोन-तीन वॉर्ड मिळाले तर उपाय एकेका वॉर्डात काही आठवड्यांच्या अंतराने सुरू करा. थोड्या जास्त मेहनतीत पुरावा कितीतरी भक्कम होतो.

एका डोसचा माग काढा

मोजणी चालू असताना चुकलेले दहाएक डोस निवडा आणि प्रत्येकाची वाट उलटी चाला. डॉक्टरांनी कधी लिहिलं, फार्मसीला कधी कळलं, औषध वॉर्डात कधी आलं, फ्रिजमध्ये होतं की ट्रॉलीत, रुग्ण कुठे होता, त्या वेळी ड्यूटीवर किती जण होते. रात्रपाळीच्या सिस्टरांशी त्यांच्या सोयीच्या वेळी बोला. "तुमच्याकडून हे का राहिलं?" असं विचारलंत तर बचाव ऐकायला मिळेल. "त्या रात्री काय काय चाललं होतं?" असं विचारलंत तर वॉर्ड कसा चालतो ते कळेल. अनेकदा असं निघतं की रात्री नवीन अँटिबायोटिक लिहिलं तर ते फार्मसीतून आणायला जायला माणूसच नसतो, किंवा दुसऱ्या वॉर्डातून हलवलेल्या रुग्णाचा चार्ट त्याच्या मागून तासाभराने येतो. अशा कारणांवर ट्रेनिंगचा काही उपयोग होत नाही.

उपाय, आणि तो खरोखर झाला का

सूचना, मेमो आणि ट्रेनिंग हे सर्वांत कमजोर उपाय, कारण ते माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून असतात. रात्रीसाठी ठरावीक औषधांचा साठा वॉर्डातच ठेवणं, रुग्ण हलवताना चार्ट हातात असल्याशिवाय न हलवणं, चार्टवर "न देण्याचं कारण" लिहायला छापील खूण ठेवणं, असे कामाच्या रचनेतच बसणारे उपाय जास्त टिकतात. हँडओव्हर हेच मूळ निघालं तर त्यावर चांगला पुरावा आहे: २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आय-पास अभ्यासात ९ रुग्णालयांत हँडओव्हरला ठरावीक साचा दिल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या.

दुसऱ्याचा यशस्वी उपाय उचलताना सावध राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टचा (ऑपरेशनच्या ठरलेल्या टप्प्यांवर टीमने थांबून, बोलून खूण करायची यादी) आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांतला अभ्यास २००९ साली आला. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर आली होती. २०१४ साली कॅनडातल्या ऑन्टारिओचा अभ्यास आला, १०१ रुग्णालयांचा. तिथे मृत्यू ०.७१ वरून ०.६५ टक्के झाले, म्हणजे फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य. कागद तोच होता. ऑन्टारिओत सुरुवातीची पातळीच चांगली होती हे एक कारण असू शकतं, आणि वरून आदेश आला म्हणून खुणा झाल्या पण टीम थांबून बोललीच नाही, हे दुसरं. म्हणून तुमचा उपाय प्रत्यक्ष किती वेळा झाला हे वेगळं मोजा. रात्रीचा साठा ठेवायचं ठरलं, तर दर आठवड्याला कपाट उघडून पाहा की औषधं आहेत का. हे न मोजता "उपाय निरुपयोगी ठरला" असं लिहिणं अन्यायाचं आहे.

उलटं काही बिघडत नाही ना, यासाठीही एक मोजमाप ठेवा. न्यूमोनियाच्या रुग्णाला आल्यापासून चार तासांत अँटिबायोटिक मिळालं पाहिजे, हा निकष अमेरिकेत लावला तेव्हा घाईने न्यूमोनियाचं चुकीचं निदान होण्याचं प्रमाण वाढल्याचे अभ्यास पुढे आले आणि मर्यादा सहा तासांवर न्यावी लागली. तुमच्या अभ्यासात धोका असा की चौकोन भरायच्या दडपणाखाली औषध न देताच सही होईल. आठवड्यातलं प्रत्यक्ष निरीक्षण इथे कामाला येतं.

कोणाचे डोस चुकतात

सरासरीच्या आड बरंच काही लपतं. तेच चुकलेले डोस रुग्णांच्या गटांनुसार पाहा: सोबत नातेवाईक नसलेले, वॉर्डातली भाषा न येणारे, ऐकू न येणारे किंवा बोलू न शकणारे, रात्री दाखल झालेले. ज्याच्या उशाशी कुणी बसलेलं असतं त्याचा डोस राहिला तर कुणीतरी विचारतं. एकट्या रुग्णासाठी विचारणारं कुणी नसतं. ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडलं होतं की चांगल्या उपचारांची उपलब्धता गरजेच्या उलट्या प्रमाणात असते. एका वॉर्डाच्या आतही हे दिसू शकतं, आणि दिसलं तर तुमच्या अभ्यासातला तो सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असेल. सुविधा मिळणं आणि चांगला उपचार मिळणं हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत योग्य उपचाराने टळू शकणारे वर्षाला ८६ लाख मृत्यू होतात, असा अंदाज २०१८ साली लॅन्सेटच्या आयोगाने मांडला. त्यातले सुमारे ५० लाख मृत्यू उपचारांपर्यंत पोहोचलेल्यांचे होते, उपचारच निकृष्ट होते. ३६ लाख उपचार न घेतलेल्यांचे.

गट लहान असतील तर टक्केवारीवर मोठे दावे करू नका, पण आकडे छापा. दुसऱ्या वॉर्डांचे आकडे त्यात मिळवता येतील.

लिहिणं

गुणवत्ता सुधारणेच्या अभ्यासांसाठी स्क्वायर ही मार्गदर्शक सूची आहे, तिची २०१५ ची आवृत्ती समोर ठेवून लिहा. वॉर्डाचं वर्णन सविस्तर द्या: खाटा किती, रात्री स्टाफ किती, फार्मसी कधी बंद होते. त्यावाचून दुसऱ्या कुणाला तुमचा उपाय वापरता येणार नाही. फरक पडला नसेल तरी लिहा. व्याख्येचं ते पान जोडायला विसरू नका, कारण पुढच्या माणसाला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

मासिकाकडे पाठवण्याआधी निष्कर्ष वॉर्डात मांडा, रात्रपाळीच्या लोकांसमोरही. आलेख स्टाफरूममध्ये लावा, आणि ज्यांच्याशी बोलून कारणं कळली त्यांनाच विचारा की अर्थ बरोबर लावलाय का. अभ्यास संपल्यावर मोजणी पूर्ण थांबवू नका. आठवड्याऐवजी महिन्याला वीस चार्ट पुरेत. हे काम कोणाच्या नावावर आहे आणि ती व्यक्ती रजेवर असली तर कोण करणार, ते ठरवून इन्चार्ज सिस्टरांच्या वहीत लिहून ठेवा. सलग सहा बिंदू नव्या रेघेच्या (उपायानंतरच्या आकड्यांच्या मध्यकाच्या) वर गेले, तर पुन्हा दहा डोसांचा माग काढायला बसा.